कडू पाण्यावरची अळंबी

हिराजीनाना म्हात्रे घरात हेल्मेट घालायचे आणि रस्त्यावर बोडक्यानं फिरायचे.

एकदा अलिबागच्या वाटेवर पोलिसानं त्यांची स्कूटर अडवली. "आजोबा, हेल्मेट कुठंय?"

"आलंबीच्या खोलीत," नाना म्हणाले.

पोलिसाला वाटलं, म्हातारा टिंगल करतोय. मग नानांनी स्कूटर स्टँडवर लावली आणि त्याला नीट समजावून सांगितलं. अळंबी पिकली की तिच्या छत्रीतून पिठासारखी बारीक भुकटी उडते. ती छातीत गेली की खोकला सुटतो, सुटला की थांबत नाही. म्हणून खोलीत शिरताना नाकावर ओला रुमाल, वर हेल्मेट, काच खाली. "आनि रस्त्यावर काय उरतंय? धूल. ती तर जल्मापासून खातंय मी." एवढं सांगून त्यांनी पोलिसाचा हात स्वतःच्या हातात घेतला, त्याची नखं उन्हात धरली आणि चिंतेनं म्हणाले, "साहेब, तुमच्यात झिंक कमी हाय."

पोलिसानं त्यांना दंड न करता सोडलं. पुढे तो त्या रस्त्यावर नानांची स्कूटर दिसली की हात खिशात घालायचा, असं नानाच सांगत.

हा किस्सा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये पुष्कळदा सांगितला आहे. लोक हसतात. नानांचे आणखीही किस्से माझ्याकडे आहेत आणि ते रंगवून सांगण्याबद्दल माझी थोडी ख्यातीही आहे, एरवी मी फारसा बोलत नसलो तरी. पण दर वेळी मी एक भाग गाळतो. आज तो गाळायचा नाही, असं ठरवून लिहायला बसलो आहे. जमेल की नाही, माहीत नाही.

आमचं गाव रेवसच्या अलीकडे, खाडीला लागून. माझे वडील इथं शिक्षक म्हणून आले आणि इथलेच झाले. मीही शिक्षकच झालो. त्यामुळे गावात मला नाव नाही, 'मास्तर' एवढंच आहे. आमच्या बौद्धवाडीचं शेवटचं घर माझं आणि आगरआळीचं पहिलं घर नानांचं. मधे एक कुंपण होतं. वडिलांच्या वेळीच ते मोडलं आणि दोन्हीकडच्या कुणालाही ते पुन्हा घालायची गरज वाटली नाही.

नाना हाडाचे मिठागरवाले. खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हाला द्यायचं, मीठ ओढायचं, यात त्यांची हयात गेली. तळपाय असे झाले होते की त्यांच्यावर काडेपेटीतली काडी ओढली असती तर पेटली असती. मग मिठागरं गेली. कशी गेली, हे या किनाऱ्यावर कुणाला सांगायला नको. मुलगा नितीन उरणला ट्रेलरच्या धंद्यात शिरला आणि बायको-मुलांना घेऊन तिकडेच राहायला गेला. नाना आणि द्वारकाकाकी इथं उरले. हातांना सवय कामाची आणि काम नाही. नाना सकाळी उठून अंगणाला वाफे पाडल्यासारखे झाडूचे पट्टे ओढत बसायचे. ते काही माझ्यानं बघवत नसे.

त्यातच कुठल्याशा कृषी केंद्रात अळंबी लागवडीचं शिबिर होतं, तिथं मीच त्यांना घेऊन गेलो. हेही लिहून ठेवतो, कारण सुरुवात माझीच होती.

शिबिरात एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी भाताच्या पेंढ्यावर धिंगरी अळंबी कशी घ्यायची, ते दाखवलं. पेंढा भिजवा, उकळा, निथळा, पिशवीत थरावर थर भरा, मधे बी पेरा, अंधाऱ्या खोलीत टांगा. हे सगळे ऐकत होते. नाना मात्र शेवटच्या दहा मिनिटांत जागे झाले. मॅडम म्हणाल्या, अळंबीचा एक गुण असा की तिला ज्या पाण्यावर वाढवाल, त्यातली खनिजं ती उचलून घेते. जस्त द्या, मॅग्नेशियम द्या, सेलेनियम द्या. म्हणून हल्ली अशी अळंबी वाळवून, पूड करून, पूरक आहार म्हणून विकतात.

परतताना नाना स्कूटरच्या मागच्या सीटवरून माझ्या कानात ओरडत होते. "मास्तर, आलंबी म्हंजे कंटेनर हाय! रिकामा कंटेनर! तू जो माल भरशील तो ती उचलतंय. झिंक भर, झिंक. मॅगनीशम भर, मॅगनीशम. आनि डिलिव्हरी? तू खाल्लास का थेट हारकात!" म्हणजे हाडांत.

उरणचं बंदर, मुलाचे ट्रेलर, सगळं एका जागी येऊन जुळलं होतं.

प्रश्न होता, माल आणायचा कुठून? मॅडमनी दुकानातल्या पुड्यांची नावं दिली होती. नानांनी तो कागद खिशातून काढलाच नाही. पलीकडे, करंज्याच्या बाजूला, त्यांच्या चुलतभावाचं एक लहानसं मिठागर अजून तग धरून होतं. मीठ ओढून घेतलं की वाफ्यात तेलकट, पिवळसर पाणी मागे उरतं. कडूजहर. त्यात मॅग्नेशियम असतं, हे नानांना मॅडमच्या तोंडून कळलं. पण ते पाणी त्यांनी जन्मभर खाडीत सोडून दिलं होतं आणि त्याची त्यांना आता एकदम चुटपुट लागली. "एवरा माल, मास्तर! एवरा माल खारीत घातला आमी!"

लाँचनं कॅन भरभरून ते कडू पाणी आलं. पहिल्या खेपेला नानांनी मिठागरवाल्याच्या हातानं दिलं, म्हणजे सढळ. सगळ्या पिशव्या काळ्या पडल्या. एकही अळंबी उगवली नाही. त्या दिवशी नानांनी मासळी खाल्ली नाही. आगरी माणसानं सोमवार नसताना, सूतक नसताना मासळी सोडली, ही बातमी आळीत पसरली आणि दोन बायका काकीला "कोन जेला गो?" असं विचारायला आल्या.

मग नाना जिभेवर आले. बादलीभर पाण्यात कडू पाण्याची एक धार सोडायची, बोट बुडवून चाखायचं, थुंकायचं, आणखी पाणी ओतायचं, पुन्हा चाखायचं. जिभेला कडू लागतंय की नाही, अशी शंका यायला लागली की प्रमाण बरोबर. मिठागरावर पाण्याची धग, म्हणजे खारटपणा, ते अशीच जिभेनं ओळखत. काही दिवसांनी पिशव्यांच्या भोकांतून पांढरे, मोत्याएवढे कोंब आले. नानांनी मला हात धरून आत नेलं, स्वतःचं हेल्मेट काढून माझ्या डोक्यावर चढवलं आणि स्वतः नाक दाबून उभे राहिले. खोलीत अंधार, ओल्या पेंढ्याचा वास आणि काचेतून दिसणारे ते कोंब. नाना नाक दाबलेल्या आवाजात म्हणाले, "कसा वाटतंय?"

"सुंदर," मी म्हणालो. ते खरं होतं.

पुढे मॅडमनी नानांची वाळवलेली अळंबी नेऊन तपासली आणि फोनवर कळवलं, मॅग्नेशियम उतरलंय, चांगलं उतरलंय. आणि बजावलं, काका, हे जेवण आहे, औषध नाही. रोज चमचाभर पुष्कळ झालं, कुणाच्या गोळ्या बंद करू नका. नानांनी हे शब्दशः पाठ केलं. पूड देताना प्रत्येकाला ते ऐकवायचे, शाळेत प्रतिज्ञा म्हणतात त्या सुरात.

पूड व्हायची काकीच्या मिक्सरवर. "माजा मिक्सर बाटवला या मेल्यानं!" काकी मला सांगायची. "जवल्याच्या चटनीला आलंबीचा वास मारतंय. मास्तर, तू तरी बोल त्याला."

"आगो, तुजा जवला आता श्रीमंत झाला," नाना आतून म्हणत.

एकदा त्यांनी रिकाम्या कॅप्सूल मागवल्या. औषधासारखं दिसलं पाहिजे, हा हेतू. पण ज्या बोटांनी मिठाच्या राशी ओढल्या, त्यांना ती चिमुकली टोपणं बसेनात. ओट्यावरून कॅप्सूल उडत, कोंबड्या त्यांच्यामागे धावत. शेवटी त्यांनी ते खोकं काकीकडे दिलं आणि वर्तमानपत्राच्या पुड्या बांधायला लागले.

त्या पुड्या त्यांनी विकल्या नाहीत, वाटल्या. कुणाला भेटले की "बरा हायस का?" असं विचारायच्या आधी त्याची नखं बघायची. नखावर पांढरा ठिपका दिसला की पुडी. आळीत कुणाची हळद असली की डीजेच्या भिंतीसमोर नाचणाऱ्या पोरांच्या मधून नाना डबा आणि चमचा घेऊन फिरत. "आधी यो चमचा, मंग मटन." नवरदेवाच्या एका मामानं झोकात दोन-तीन चमचे मारले आणि "नाना, लय कडक हाय!" म्हणून मिठी मारली. रेवस-करंजा लाँचवर तर त्यांनी उतारूंच्या हातांची रांगच लावली. मुंबईकडची एक बाई त्यांना ज्योतिषी समजली आणि परदेशयोगाबद्दल विचारू लागली. नाना म्हणाले, "बाय, आधी मॅगनीशम खा. मंग कुठं जायचा तिथं जा."

हे झाले किस्से. आता माझं.

मला पायात गोळे यायचे. पोटऱ्या अशा आवळायच्या की झोपेतून ओरडत उठायचो. सुनंदा, माझी बायको, पाय चोळत बसायची. हे नानांना कळलं आणि त्यांचे डोळे लकाकले. गोळ्यांना मॅग्नेशियम, हे त्यांना मॅडमनी सांगितलेलं होतं. मी त्यांचा खास रोगी झालो. माझ्यासाठी वेगळी पिशवी, वेगळी पुडी, तीही दुहेरी कागदात.

पहिल्या दिवशी मी ती पूड पाण्यातून घेतली. कडू होती. दुसऱ्या दिवसापासून मी ती परसातल्या पपईच्या मुळाशी टाकू लागलो. नाही म्हणायला जमलं नाही. मला कधीच जमत नाही. त्याला लोक सभ्यपणा म्हणतात, आणि मीही बरीच वर्षं तेच म्हणत आलो. पपईला त्या वर्षी अशी फळं लगडली की नाना कुंपणाच्या जागेवर उभे राहून कौतुक करत, "तुजी पपई पन खूश दिसतंय रं." मी मान हलवायचो.

दरम्यान मी अलिबागच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी औषध दिलं, काही व्यायाम दिले. गोळे गेले.

नाना रोज संध्याकाळी विचारत. शाळा सुटली की त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायची माझी सवय होती. "गोले?" एवढंच ते विचारत. मी "कमी आहेत" म्हणायचो. तेवढ्यानं भागत होतं. पण एका संध्याकाळी मी गेलो तेव्हा नाना भिंतीकडे तोंड करून बसले होते. नितीनचा फोन येऊन गेला होता. लाँचवरच्या कुणीतरी नखांचा व्हिडिओ काढून फिरवला होता, उरणला लोक नितीनला चिडवत होते, बाबा, हे चाळे बंद करा, असं तो म्हणाला होता. ओट्यावर आळीतले आणखी दोघं-तिघं होते. नानांनी मान न वळवता, सवयीनं विचारलं, "गोले?"

"साफ गेले, नाना," मी म्हणालो. "तुमच्या अळंबीनं."

नाना वळले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी अजून विसरलेलो नाही. ते उठले, घरात गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. मग अंगणात उभे राहून खाडीच्या दिशेनं, कुणाला उद्देशून देव जाणे, ओरडले, "मास्तरचे गोले जेले रं!"

दुसऱ्या दिवसापासून मी नमुना झालो. दूधवाला विचारायचा, "खरंच का मास्तर?" लाँचचा तिकीटवाला विचारायचा. पालकसभेत एका आईनं विचारलं. मी मान हलवायचो. नाना सगळ्यांना सांगत, "माज्यावर नको, मास्तरवर भरोसा ठेव. शिकलेला मानूस, खोटा कनाला बोलल?"

सुनंदाला पपईचं माहीत होतं. "सांगून का टाकत नाही त्यांना?" ती म्हणायची.

"वाईट वाटेल त्यांना."

"आणि तुम्हाला?"

मी वर्तमानपत्र उघडायचो.

द्वारकाकाकीला साखरेचा आजार होता. गोळ्या चालू होत्या आणि तिला त्यांचा मनापासून राग होता. तोंड कडू होतं, डोकं जड होतं, एक ना दोन. त्या दिवशी ती अंगणात मांदेली साफ करत बसली होती. मी ओट्यावर, नाना पायरीवर. तिनं ओले हात पदराला पुसले, गोळ्यांची पट्टी कनवटीतून काढली आणि माझ्यासमोर धरली.

"मास्तर, तू सांग. तुजे पाय बरे झाले ना? मंग मी या सोरू? यांची पूड घेन मी. जेवानात घेन, कशात पन घेन."

मी नानांकडे बघितलं. म्हणालो, "नाना, मॅडम काय म्हणाल्या होत्या?"

"मॅडम बोलली व्हती, जेवान हाय, दवा नाय. गोल्या बंद करू नका." नानांना ते वाक्य पाठ होतं, पण या वेळी ते शाळेच्या सुरात आलं नाही. "पन मास्तर, मॅडमनं तुजे पाय कुठं बगितलेत? मी बगितलेत."

दोघंही माझ्याकडे बघत होती. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते मी मनात जुळवलंही. मग नानांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणालो, "थोडे दिवस बघायला हरकत नाही."

काकीनं पट्टी माशांच्या खवल्यांत टाकली आणि हसली. "बघ, मास्तर पन बोल्ला."

त्यानंतरचे काही महिने सगळं छान होतं. काकी म्हणायची, हलकं वाटतंय. वाटत असणारच. ओहोटीला ती बायकांबरोबर खडकावर कालवं काढायला जायची. तिथं एका शिंपल्यानं तिचा तळपाय कापला. दुखलं असतं तर तिनं आरडाओरडा केला असता, तशी ती गप्प बसणारी नव्हती. पण साखरेनं पायातली जाणीव आधीच गेलेली होती. तिनं हळद दाबली आणि कामाला लागली. पाय काळा पडेपर्यंत कुणाला कळलं नाही.

नितीन गाडी घेऊन आला. आधी अलिबाग, मग पनवेल. मीही गेलो होतो, पाण्याची बाटली आणि काकीच्या साडीची पिशवी धरून. दवाखान्याच्या व्हरांड्यात भेटलेला डॉक्टर तरुण होता आणि संतापलेला होता. "साखर एवढी कशी? गोळ्या कुणी बंद केल्या?"

नानांनी हात वर केला. वर्गात मुलं करतात तसा, कोपरापासून सरळ. "मी."

डॉक्टर त्यांना खूप बोलला. नितीन बोलला. नाना हात तसाच वर ठेवून ऐकत होते. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. बाटलीचं टोपण मी घट्ट केलं, मग सैल केलं, मग घट्ट केलं.

काकीचा डावा पाय घोट्याच्या वर कापावा लागला.

घरी आल्यावर नानांनी सगळ्या पिशव्या काढून बांधावर फेकल्या. बगळे येऊन पेंढा उचकत होते. मग नाना घरोघर गेले. ज्याला ज्याला पुडी दिली होती, त्याच्या दारात उभे राहून सांगत होते, "ती पूड खाऊ नका. डॉक्टर सांगल ता करा. माजा ऐकू नका." रेवसच्या धक्क्यावरही गेले. ज्यांची नखं बघितली होती, ते उतारू रोजचे थोडेच असतात? तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून विचारत, "तुमाला मी पुडी दिलती का?" माणसं घाईत पुढे जात. मी नाक्यावरून हे बघितलं आणि स्टाफरूममध्ये हा किस्सा कधीच सांगितला नाही.

आणि तरी मी नानांना काही बोललो नाही. आता बोलून पाय परत येणार आहे का, असं स्वतःला सांगत होतो. ओट्यावर जाणंही कमी केलं. शाळेत काम आहे म्हणायचो.

पावसाळा सरल्यावर एका दुपारी नाना आमच्या दारात आले. शर्टाच्या खिशातून पुडी काढली. दुहेरी कागदातली.

"घे," ते म्हणाले. "मधे जरा खंड परला. काकीच्या मागं धावतांना जमला नाय."

मला काही कळेना. "नाना, तुम्ही तर सगळं बंद केलंत."

"सगला केला." ते जरा ओशाळले. "एक पिशवी राखलंय. ये, दाखवतंय."

मी त्यांच्यामागे गेलो. खोली रिकामी होती. टांगायचे दोर नुसते लोंबत होते आणि पार कोपऱ्यात एकच पिशवी, चारी बाजूंनी पांढरी फुललेली. नानांनी हेल्मेट चढवलं, काच खाली केली आणि पंप घेऊन तिच्यावर पाण्याचा फवारा मारू लागले. बाजूला कडू पाण्याची बाटली होती. अंथरुणावरच्या बायकोचं सगळं करून, ती झोपली की, हा माणूस लाँचनं करंज्याला जाऊन ती बाटली भरून आणत होता.

"कशासाठी, नाना?"

"कशासाठी म्हंजे? सगल्यांना खोटी निघाली. तुना तर लागू परली ना? मंग बंद कशी करू? तुजे गोले परत आले तर?" हेल्मेटमधून त्यांचा आवाज घुमत होता. "काकी पन बोल्ली, मास्तरची नको बंद करू."

तेव्हा मला बोलावं लागलं. मी ठरवलं म्हणून नव्हे. दाराची चौकट धरली आणि बोललो.

"नाना, मी ती पूड कधी खाल्लीच नाही. झाडाला घालत होतो. गोळे डॉक्टरच्या औषधानं गेले."

फवारा चालू राहिला. काचेआडचा चेहरा मला दिसत नव्हता. मग पंप थांबला. नानांनी काच वर केली.

"कवाच नाय?"

"एकदा. पहिल्या दिवशी. कडू होती."

"कडू व्हती खरी," ते म्हणाले. प्रमाण चुकल्याची कबुली द्यावी, तसं. "आनि काकीनं तुना इचारला तवा?"

"तेव्हाही माहीत होतं मला."

नाना पेंढा उकळायच्या पालथ्या पिंपावर बसले. ते रागावतील, मला हाकलून देतील, याची मी वाट बघत होतो. तसं झालं असतं तर किती सोपं होतं. ते पिशवीकडे बघत होते. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं,

"मंग तू रोज सांजचा यायचास. ता?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. पायाचा हिशेब त्यांनी मागितला नव्हता. लाजेचा नाही, नितीनच्या शिव्यांचा नाही.

"ते खरं होतं, नाना. मला यावंसं वाटायचं. अळंबी बघायला पण, आणि तुमच्याकडे पण."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मिठागरवाले पाण्याकडे पाहतात तसं, खूप वेळ. मी खरं बोलत होतो. पण माझं खरं ओळखायचं कसं, हे मी त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार होतो?

बाहेर काकीच्या वॉकरचा आवाज झाला. ती स्वयंपाकघरापर्यंत जायला लागली होती. तिथून तिनं हाक मारली, "आवो, मास्तर आयलाय ना? चाय घेल का तो?"

आजवर या प्रश्नाला मी कधी उत्तर दिलं नव्हतं. माझ्या वतीनं नानाच ओरडायचे, घेल, घेल, त्याला काय इचारायचा! या वेळी ते ओरडले नाहीत. त्यांनी हेल्मेट डोक्यावरून काढलं आणि मांडीवर धरलं. केस घामानं चिकटले होते.

"तूच जा," ते म्हणाले. "जाऊन सांग तिला." चहाबद्दल ते बोलत नव्हते.

मी खोलीतून बाहेर आलो. स्वयंपाकघरात काकी ओट्याशी खुर्ची लावून बसली होती, वॉकर हाताशी, पातेल्यात पाणी उकळायला लागलेलं. मला बघून तिनं हसून दुसरा कप काढला.

"काकी," मी खाली, तिच्या खुर्चीशेजारी बसलो. "गॅस जरा बंद करा. बोलायचंय."